नाशिक सोडून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जावं का? लहान मुलं असलेल्या घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं एचआर विभागात होते. राजीनामे माझ्याच टेबलावर यायचे, आणि त्यातले निम्मे तरी "पुण्याला चाललोय मॅडम" असे. पुढे आमच्या घरावरही तीच वेळ आली. चार वर्षं आम्ही पुण्याजवळ मोशीला काढली आणि परत नाशिकला, इंदिरानगरला आलो. तेव्हापासून लग्नकार्यात, शाळेच्या गेटवर, रात्री दहाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हे प्रश्न येत राहतात. ज्यांना घाई आहे त्यांनी निदान प्रश्न २ आणि ४ वाचावेत. निर्णय तिथेच अडतो किंवा सुटतो.

१. ताई, सातपूरला दहा वर्षं झाली, पगार जागेवरच आहे. आधी नाशिकमध्ये शोधू की सरळ पुणं बघू?

आधी नाशिक. पण किती दिवस, ते ठरवून.

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग, स्विचगिअर आणि इतर विद्युत साहित्य, औषधं, अन्नप्रक्रिया अशी कामं आहेत. प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूम यातल्या माणसाला कंपनी बदलून इथेच वर चढता येतं. सॉफ्टवेअर, डिझाइन, फायनान्स, मार्केटिंग यात मात्र शिडी लवकर संपते. नाशिकरोडचा प्रेस (नोटांचा सरकारी छापखाना) किंवा ओझरचं एचएएल (सरकारी विमान कारखाना) मनात असेल, तर तिथली भरती जाहिरातीनं आणि वयाच्या अटीत होते. तिची वाट बघत दुसरं काही न करता बसू नका.

माझी एक साधी खूण आहे. तुमच्या साहेबाचा साहेब कुठे बसतो ते बघा. तो नाशिकच्याच प्लांटमध्ये बसत असेल, तर तुम्हाला इथे अजून दोन पायऱ्या आहेत. तो पुण्या-मुंबईत बसत असेल आणि महिन्यातून एकदा येत असेल, तर आज ना उद्या तुम्हालाही तिकडे जावं लागेल. मग चाळिशीत मुलाच्या दहावीच्या वर्षी जाण्यापेक्षा आत्ता विचार केलेला बरा.

२. पगार किती वाढला तर जाणं परवडतं? कुणी ३० टक्के म्हणतं, कुणी दुप्पट.

टक्क्यांवर जाऊ नका. महिन्याच्या शेवटी हातात काय उरतं तेवढंच धरा. खालचं उदाहरण मी रचलेलं आहे. आकडे तुमचे घाला, रांगा मात्र याच ठेवा.

समजा, नाशिकमध्ये हातात ४८,००० येतात आणि घर आईवडिलांचं, म्हणजे भाडं नाही. पुण्यात ७५,००० हातात येतील. वाढ २७,००० ची. आता नवा खर्च: भाडं आणि सोसायटीचा मेंटेनन्स २२,०००, पाळणाघर ७,०००, शाळा आणि व्हॅनमधला फरक ४,०००, पेट्रोल २,५००, नाशिकच्या फेऱ्या ४,०००, दूध-भाजी-कामवाल्या मावशी यांतला फरक २,५००. बेरीज ४२,०००. पगार २७,००० नं वाढला आणि घर १५,००० नं तुटीत गेलं.

हेच कुटुंब आज नाशिकमध्ये १२,००० भाडं भरत असेल आणि आई घरीच असल्यानं पाळणाघर लागत नसेल, तर वाढीव खर्च २३,००० वर येतो आणि महिना ४,००० शिल्लक पडते. आणि पहिल्याच कुटुंबात बायकोला तिकडे २५,००० ची नोकरी लागली, तर १५,००० ची तूट जाऊन १०,००० उरतात. म्हणजे एकाच ऑफरचा अर्थ तीन घरांत तीन निघतो. शेजारच्याला परवडलं म्हणून आपल्याला परवडेल असं धरता येत नाही, ते यामुळेच.

याशिवाय एकदाचा खर्च असतो: टेम्पो, डिपॉझिट, दलाली, शाळेची प्रवेश फी, पडदे, गॅसची जोडणी. हा खर्च आणि त्यावर तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत नसेल, तर जॉइनिंगची तारीख पुढे मागून घ्या. आम्ही ते केलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला माझ्या बांगड्या सोनाराकडे ठेवाव्या लागल्या होत्या.

तूट दिसली म्हणून जाऊच नका, असं मी म्हणत नाही. कामच असं असेल की दोन वर्षांनी तुमची बाजारातली किंमत वेगळी असेल, तर ती तूट म्हणजे शिक्षणावरचा खर्च समजा. फक्त ती किती महिने सोसायची हे दोघांनी मिळून कागदावर लिहा.

३. ऑफर लेटरमध्ये नेमकं काय बघायचं?

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा सर्वात शेवटी बघा. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला, हमी नसलेला भाग) हे सगळं धरलेलं असतं. व्हेरिएबल शून्य धरूनच प्रश्न २ चा हिशोब मांडा. आमच्या ह्यांच्या ऑफरमध्ये ते वर्षाला दीड लाख लिहिलं होतं. पहिल्या वर्षी त्यातला रुपयाही आला नाही, आणि पत्राच्या भाषेप्रमाणे कंपनीचं काही चुकलंही नव्हतं.

मग तीन ओळी शोधा. कामाचं ठिकाण कुठलं लिहिलंय आणि बदलीची अट काय. जॉइनिंग बोनस किंवा सामान हलवायचे पैसे एका वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावे लागतात का. आणि नोटीस पीरियड प्रोबेशनमध्ये किती, नंतर किती. लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. "एचआरनं फोनवर कन्फर्म केलंय" याला काही अर्थ नाही, हे मी एचआरमध्ये राहूनच सांगते.

४. माझी नोकरी नाशिकमध्ये चांगली चालली आहे. ह्यांना पुण्याची ऑफर आहे. सगळे म्हणतात, "तू सोड, तिकडे मिळेल काहीतरी." काय करू?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका.

तिकडे "मिळेल काहीतरी" यावर सोडू नका. नवं शहर, शाळेत जाणारं मूल, मदतीला सासू नाही की आई नाही, अशात पहिलं वर्ष घर बसवण्यातच जातं. मग बायोडाटात एक वर्षाची खाच, मग दोन वर्षांची. माझ्या टेबलावर असे अर्ज यायचे. बाई हुशार असायची, पण पगार मागताना आवाज खाली गेलेला असायचा.

म्हणून क्रम असा ठेवा. ह्यांना ऑफर आली की तुमचेही अर्ज त्याच आठवड्यात सुरू करा. सध्याच्या कंपनीला पुण्यात शाखा आहे का, काही महिने घरून काम करता येईल का, हे लेखी विचारा. नकार मिळाला तरी विचारण्यानं काही जात नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका असाल, तर आंतरजिल्हा बदलीत पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय आहे, पण ती बदलीच्या वेळापत्रकानंच होते. एखादं वर्ष वेगळं राहायची तयारी लागेल. कायम सरकारी नोकरीचा राजीनामा हा तर माझ्या मते अगदी शेवटचा पर्याय.

प्रश्न उलटा करूनही बघा. तुमच्याकडे पुण्याची ऑफर असती, तर ह्यांनी अंबडची नोकरी "मिळेल काहीतरी" म्हणून सोडली असती का? घरात ही चर्चा भांडण न होता व्हायला हवी असेल, तर आधी प्रश्न २ चा कागद मांडा. त्यात तुमचा पगार ही स्वतंत्र रांग ठेवा. आपण तो घरखर्चात मिसळून टाकतो आणि मग तो गेल्यावर किती गेलं ते दिसत नाही. पगाराबरोबर तुमचा पीएफ आणि विमाही जातो, तोही मोजा.

आणि ऑफर खरोखरच तुमची असेल, तर? नवऱ्यानं मागून यायचं, यात कमीपणा काही नाही. सासरी सांगायला अवघड जातं हे मला माहीत आहे. तो निरोप नवऱ्यानं स्वतः आपल्या आईवडिलांना द्यावा, सुनेच्या तोंडून जाऊ नये.

५. मी एकट्यानं आधी जावं की सगळ्यांनी एकदम?

प्रोबेशन संपेपर्यंत एकट्यानं जाणं बहुतेकांना सोयीचं पडतं, विशेषतः शाळेचं वर्ष मध्यात असेल तर. पण त्याची शेवटची तारीख ठरवा. सहा महिने म्हणता म्हणता दोन वर्षं झालेली घरं मी बघितली आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर भोसरी ते चाकण या टप्प्यातच तासभर सहज जातो. मग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. नाशिकच्या द्वारका चौकात उतरेपर्यंत पोर झोपलेलं असतं. शनिवार झोप आणि दुरुस्त्यांत जातो, रविवारी दुपारपासून निघायची तयारी. आमची मुलगी चार वर्षांची होती. सोमवारी पहाटे बाबा जाणार हे कळायला लागल्यापासून ती रविवारी त्यांची सॅक लपवून ठेवायची, कपाटात गाद्यांच्या मागे. पहिल्यांदा आम्ही हसलो. तिसऱ्या रविवारी ह्यांनी मला म्हटलं, "घर बघायला लागू."

मागे राहणाऱ्या बाईचाही विचार करा. तापानं फणफणलेलं मूल रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं तर गाडी कोण काढणार, त्याचं नाव आधीच ठरलेलं असावं.

६. रोज अप-डाऊन केलं तर?

मुंबईला करणारे आहेत. मनमाडहून सुटणारी पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून धावते आणि पासधारकांची एक पिढी तिच्यात म्हातारी झाली. पण नाशिकरोडहून मुंबई म्हणजे एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास. सकाळी मूल झोपेत, रात्री मूल झोपेत. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस असेल तर जरूर करा, रोज नको. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून आमण्यापर्यंत खुला झाल्यानं भिवंडी-ठाण्याकडे काम असणाऱ्यांना गाडीनं जाणं सोपं झालं आहे. टोल आणि डिझेल मात्र प्रश्न २ च्या कागदावर घ्या.

पुण्याला नाही. सुमारे २१० किलोमीटर रस्ता आहे आणि थेट रेल्वेमार्ग नाही. रेल्वेनं कल्याण-कर्जतवरून वळसा पडतो.

७. मुलाचं वय किती असताना हलणं सोपं?

तीन वर्षांच्या आतलं मूल शहर बदललं तरी आईबापाबरोबर रमतं. पण तेव्हाच घरात मदतीच्या हातांची सर्वांत जास्त गरज असते, म्हणून आईला ते वय सर्वांत जड. तीन ते सहा या वयात मूल पटकन रुळतं आणि शाळाही सहज मिळते. दुसरी-तिसरीनंतर मैत्रिणी तुटल्याचं दुःख मुलं बोलून दाखवतात. ते ऐकून घ्या, "तिकडे नवीन मिळतील" म्हणून झटकू नका. नववी-दहावीत शक्यतो हलवू नका. माझं मत विचाराल तर पहिलीत घालायच्या आधीचं वर्ष सर्वांत बरं.

लसीकरण चालू असेल तर माता व बालसंरक्षण कार्ड हँडबॅगेत ठेवा, टेम्पोत नको. दीड-दोन वर्षांचा आणि पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर या धावपळीत विसरला जातो.

८. शाळा मध्येच बदलता येते का? दाखला द्यायला शाळा टाळाटाळ करतेय.

येते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे, आठवीपर्यंतचं मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. उशीर केला तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला मिळाला नाही म्हणून तिकडची शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम तसंच्या तसं लागत नाही. तिथे फीची बाकी भरून, पोच घेऊन लेखी अर्ज द्यावा.

दोन व्यावहारिक गोष्टी. राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्यात उघडते, सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये. मंडळ बदलणार असाल तर मूल दोन महिने मागे राहतं. आणि जुन्या शाळेनं यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतून मुलाला सोडलं नाही, तर नव्या शाळेत नाव चढत नाही. दाखला हातात घेतानाच "ऑनलाइन सोडलंत ना?" असं विचारून घ्या. परराज्यात जाणाऱ्यांनी वयाच्या अटीसाठी प्रश्न १५ बघावा.

९. मुलीचा प्रवेश आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून झाला आहे. पुण्यात तो चालेल का?

नाही. तो प्रवेश त्या शाळेपुरता असतो आणि नवा अर्ज फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच करता येतो. मूल तिसरीत असेल तर आठवीपर्यंतच्या फुकट शिक्षणाची पाच-सहा वर्षं तुम्ही सोडताय. ती रक्कम प्रश्न २ च्या बेरजेत धरा. कित्येक घरांचा निर्णय एवढ्यानंच बदलतो.

१०. आईवडील नाशिक सोडायला तयार नाहीत. त्यांना मागे ठेवून जाणं बरोबर आहे का?

याचं उत्तर दुसऱ्यानं देण्यासारखं नाही, पण जे पाहिलं ते सांगते.

ते तयार नसतात यात हट्ट फार थोडा असतो. सकाळी गोदाकाठी फिरणं, ठरलेला भाजीवाला, फोन न करता दार लोटून आत येणारी शेजारीण, हे सगळं त्यांनी तीस वर्षांत जमवलेलं असतं. मोशीच्या आमच्या अकराव्या मजल्यावर सासूबाई दोन महिने राहिल्या. लिफ्टची भीती वाटायची म्हणून खाली उतरायच्याच नाहीत. दुपारी गॅलरीत बसून रस्त्यावरच्या एमएच-१५ च्या गाड्या मोजायच्या. संध्याकाळी मला आकडा सांगायच्या, "आज सात." मग मीच म्हटलं, तुम्हाला नाशिकला सोडून येते.

मागे ठेवायचं ठरलं तर व्यवस्था लावून जा. रात्री-अपरात्री येऊ शकेल अशा दोन माणसांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. फाइलमध्ये औषधांची यादी. बँकेत जॉइंट खातं. भावाबहिणींत कोण काय बघणार याचं स्पष्ट बोलणं. "तू जवळ आहेस म्हणून तूच बघ" असं नाशिकमधल्या बहिणीवर टाकून जाऊ नका. तिलाही घर आहे. रेशनकार्ड अन्न सुरक्षा योजनेतलं असेल तर घरातल्या काहींनी इथे आणि काहींनी तिथे धान्य उचलता येतं. कार्ड फोडायची गरज नाही.

सल्ला एकच. "आम्ही जाऊ का?" असं त्यांना विचारू नका. ते "जा" असंच म्हणतील. "आम्ही नसताना तुम्हाला कोणती वेळ जड जाईल?" असं विचारा.

११. नाशिकच्या फ्लॅटवर कर्ज चालू आहे. विकावा की भाड्यानं द्यावा?

पहिलं वर्ष विकू नका. परत यायची वाट त्यानं बंद होते (प्रश्न १६). भाड्यात हप्ता पूर्ण निघत नाही, हे धरूनच चाला. मधला फरक हा खर्च आहे आणि तो प्रश्न २ मध्ये लिहायचा.

लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्यानं देण्याचा करार) नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. आता नोंदणी ऑनलाइन होते. ओळखीतला भाडेकरू आहे म्हणून तोंडी व्यवहार करणाऱ्यांचीच घरं अडकतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका.

कराबद्दल: नव्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही, आणि स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाचीही नाही. आजवर जुनी पद्धत घेत असाल तर दोन्ही हिशोब सीएकडून मांडून घ्या.

१२. तिकडे घर कुठे बघावं?

ऑफिसच्या दारापासून मागे मोजत या, तेही कामाच्या दिवशी सकाळी नऊला. रविवारी घर बघायला गेलात तर सगळंच जवळ वाटतं. चाकण-भोसरीकडे काम असेल तर मोशी सोयीचं. नाशिकचा रस्ता दाराशी येतो आणि आपल्याकडची, खानदेशातली बरीच माणसं तिथे आहेत. हिंजवडीला काम असेल तर मोशीच्या मोहात पडू नका.

सोसायटीत वॉचमनला विचारा, उन्हाळ्यात टँकर किती येतात. पहिले अकरा महिने भाड्यानंच राहा. गेल्या गेल्या बुकिंग करू नका, बिल्डर कितीही घाई करू दे.

१३. पीएफ काढून सामान हलवायचा खर्च भागवू का? आणि ग्रॅच्युइटीचं काय?

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, तोच राहतो. जुन्या कंपनीनं बाहेर पडल्याची तारीख भरली आहे ना, एवढं तपासा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते.

ग्रॅच्युइटी कायम कामगाराला पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक २६,००० असेल तर वर्षाला १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. तुमची साडेचार वर्षं झाली असतील, तर जॉइनिंग सहा महिने पुढे ढकलता येतं का ते नक्की विचारा. राजीनाम्याची तारीख न मोजता गेलेले लोक मी पाहिलेत. माझ्याच हातून त्यांची फाइल बंद झाली आहे आणि तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

आणखी एक, पगार २१,००० च्या आत असणाऱ्यांसाठी. नव्या नोकरीत ही मर्यादा ओलांडली की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही. सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचे उपचार चालू असतील, तर नव्या कंपनीच्या विम्यात ते बसतात का, हे आधी बघा. बऱ्याच कंपन्यांच्या विम्यात नवरा-बायको आणि मुलंच असतात.

१४. मी तीन महिन्यांची गरोदर आहे. आत्ता नोकरी बदलली तर बाळंतपणाची रजा मिळेल का?

मिळू शकते, पण दिवस मोजावे लागतील. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असलं, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. तीन महिने आणि नोटीस पीरियड तीन महिने धरले, तर जॉइन होता होता सातवा महिना लागतो. तिथून ८० दिवस भरणं कठीण. त्यात गर्भपिशवीला टाके किंवा बेडरेस्ट आली तर काहीच हातात नाही.

अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: रजा आहे त्याच कंपनीत घ्या, बदल नंतर. ऑफर नवऱ्याची असेल तर त्यानं आधी जावं (प्रश्न ५), तुम्ही बाळंतपणाला नाशिकमध्येच राहावं. शेवटच्या महिन्यात डॉक्टर बदलणं टाळता आलं तर टाळा. परत रुजू होताना पाळणाघर लागेल. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी त्याची सोय कायद्यानं बंधनकारक आहे. मुलाखतीतच विचारा, लाजू नका.

१५. पुणं नाही, बंगळूर किंवा हैदराबादची ऑफर आहे. काय वेगळं?

बरंच. राज्य बदलतं.

वय: महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात, कर्नाटकात १ जून धरतात. ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं मूल इथे पहिलीत बसतं, तिथे एक वर्ष थांबावं लागू शकतं. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्च. भाषा: कर्नाटकात कन्नड आणि तेलंगणात तेलुगू शिकवणं शाळांना कायद्यानं बंधनकारक आहे. लहान मुलं ती खेळता खेळता उचलतात. पाचवी-सहावीतल्या मुलाला शिकवणी लावावी लागेल, एवढंच. मराठी मात्र घरात तुम्हालाच वाचायला-लिहायला शिकवावी लागेल, आणि ते रोज करावं लागतं.

दूरची पण मोठी गोष्ट: महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही साधारणपणे इथूनच झालेली असावी लागते. मूल आज चार वर्षांचं असेल तर हे हसण्यावारी जातं. दहा वर्षांनी जात नाही. जातीच्या दाखल्यावरचं राज्याचं आरक्षणही दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही.

गाडी: पुण्याला एमएच-१५ तशीच चालते, फक्त पत्ता बदलायचा. परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नाशिक आरटीओची एनओसी आणि तिथला रोड टॅक्स लागतो. जुनी गाडी असेल तर इथेच विकलेली बरी.

आणि येणं-जाणं. पुण्याहून वडिलांच्या आजारपणाला रातोरात पोहोचता येतं. बंगळूरहून ते विमानाच्या वेळेवर. घरात कुणी गंभीर आजारी असेल तर मी पगार न बघता बंगळूरला नको म्हणेन.

१६. जाऊन नाही जमलं तर? लोक काय म्हणतील याचीच भीती वाटते.

आम्ही परत आलो तेव्हा कॉलनीत महिनाभर चर्चा होती. "कंपनीनं काढलं वाटतं." काढलं नव्हतं. ह्यांचा प्रोजेक्ट संपला होता, दुसरा चेन्नईला होता आणि सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला होता. महिन्यानं लोकांना दुसरा विषय मिळाला.

नोकरीच्या दृष्टीनं सांगते, नाशिकच्या कंपन्यांना पुण्यात तीन-चार वर्षं काम केलेला माणूस हवा असतो. मुलाखतीत एकच शंका असते, हा पुन्हा पळेल का. त्याला सरळ उत्तर द्या: आईवडील इथे आहेत, घर इथे आहे, मुलांची शाळा इथे घेतली आहे. पगार मात्र पुण्याचा मिळत नाही. ह्यांना साधारण पाचवा हिस्सा कमी घ्यावा लागला. भाडं आणि पाळणाघर वाचल्यानं हातात जास्त उरू लागलं, ते वेगळं.

वर्षाच्या आत परतायची वेळ आली तर आधी ऑफर लेटरमधली बोनस परत द्यायची ओळ आणि घराच्या करारातला लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट) बघा, मग टेम्पोवाल्याला फोन करा. शाळेचं म्हणाल तर जुन्या शाळेच्या बाईंना फेब्रुवारीतच विचारून ठेवा. आमच्या मुलीला तिसरीत जागा मिळाली ती त्यामुळेच, आणि पहिल्याच दिवशी बालवाडीतली मैत्रीण तिच्यासाठी बाकावर दप्तर ठेवून जागा धरून बसली होती.